नळीची फुसफुस

हुडकेश्वर रस्त्यालगतच्या वस्त्यांतून आता घरोघरी दूरचित्रवाणीशेजारी सबवूफरची पेटी दिसते. कित्येक हौशी मंडळी ती सुताराकडून करवूनही घेतात. उन्हाळाभर खिडकीतल्या कूलरची घरघर चालते, तोवर सारे ठीक वाटते. कूलर थांबला, की चित्रपटातल्या ढगांच्या गडगडाटामागोमाग ‘फुस्स’ असे काहीतरी कानी येते. घरधनी म्हणतो, ‘स्पीकर हलका निघाला, आता भारी आणतो.’ आमचे म्हणणे असे, की पैसे मोडण्यापूर्वी जरा थांबावे. दोष बहुधा स्पीकरचा नसतो. पेटीला बसविलेल्या नळीचा असतो.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली, की ती घुमते. गळ्यातली हवा वजनासारखी आणि पोटातली हवा स्प्रिंगसारखी वागते. याचे गणित जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १९व्या शतकात मांडले. तेच तत्त्व स्पीकरच्या पेटीला लावून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या अल्बर्ट थुरास यांनी १९३२ साली पेटंट मिळविले. पेटी ज्या स्वराला जुळविलेली असते, त्या स्वरावर स्पीकरचा पडदा जवळजवळ स्वस्थ राहतो आणि नळीतली हवाच घुमते. स्वर २५ हर्ट्झचा असेल, तर ती हवा सेकंदाला २५ वेळा आतबाहेर करते. नळी अरुंद असली, तर हवेला धावावे लागते. वेग फार वाढला, की काठाशी भोवरे सुटतात. हीच ती फुसफुस. वेग सेकंदाला सुमारे १७ मीटर, म्हणजे ताशी ६० किलोमीटर, याच्या आत ठेवावा, असा जाणकारांचा ठोकताळा आहे.

मग नळी रुंद करावी, हे ओघानेच आले. परंतु येथे मेख आहे. ५० लिटरची पेटी २५ हर्ट्झला जुळवायची, तर साडेसात सेंटिमीटर व्यासाची नळी सुमारे ३७ सेंटिमीटर लांब लागते; १० सेंटिमीटर व्यासाला ६८ लागतात; १५ व्यासाला तब्बल १५८! त्या शेवटच्या नळीत वेग पहिलीच्या चौथाईवर येतो खरा. पण ती एकटीच २८ लिटर जागा खाते. शिवाय लांब नळीला बासरीप्रमाणे स्वतःचा स्वर असतो. ६८ सेंटिमीटरच्या नळीत तो २३० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे सबवूफरच्या कामापासून दूर राहतो; १५८च्या नळीत तो १०० हर्ट्झजवळ येऊन संगीतात लुडबुड करतो.

तेव्हा मध्यम मार्ग बरा. नळीची दोन्ही तोंडे कर्ण्यासारखी गोलाई देऊन फाकवावीत; भोवरे उशिरा सुटतात. आतले तोंड पेटीच्या भिंतीपासून निदान नळीच्या व्यासाइतके दूर असावे. नळी मागच्या बाजूस काढली, तर उरलीसुरली फुसफुस थेट कानावर येत नाही. इतके करूनही जागा पुरत नसेल, तर बंद पेटी पत्करावी. तिला नळीच नाही, मात्र खोल स्वर थोडा उणा येतो.

खोली केवढी, आवाज किती हवा आणि भिंतीपलीकडे कोण झोपले आहे, हे आधी ठरवावे. स्वर निम्म्याने खाली नेऊन आवाज तितकाच ठेवायचा, तर चौपट हवा हलवावी लागते. भारी स्पीकर आणला, तर तोही त्याच अरुंद दारातून अधिक हवा ढकलणार आणि अधिकच फुसफुसणार. पैशाआधी हवेला वाट द्यावी, एवढेच आमचे सांगणे.