बुखारीला हवा कोठून मिळते?

काश्मीर, लडाख व हिमाचल प्रदेशाच्या उंच भागांत हिवाळ्यात घरोघरी पत्र्याची बुखारी पेटते. लाकडाचा साठा, धुराडे, राख यांची काळजी घेतली जाते. ज्वलनास लागणाऱ्या हवेचा हिशोब मात्र सहसा मांडला जात नाही.

एक किलो कोरडे लाकूड पूर्ण जळण्यास सुमारे ६ किलो हवा लागते. प्रत्यक्षात बुखारीतून याच्या दुपटीइतकी हवा वाहते. तासाला दोन किलो लाकूड जाळल्यास समुद्रसपाटीवर साधारण २० घनमीटर हवा खर्च होते. लेहसारख्या ३,५०० मीटर उंचीवर हवा विरळ असल्याने हेच प्रमाण ३० घनमीटरच्या आसपास जाते. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद व अडीच मीटर उंच खोलीतील एकूण हवा तेवढीच भरते.

ऊब टिकावी म्हणून खिडक्यांना प्लॅस्टिक लावून फटी बुजवल्या, की या हवेची वाट बंद होते. धुराड्याची ओढ मंदावते, लाकूड धुमसते आणि धुरासह कार्बन मोनॉक्साइड खोलीत परततो. या वायूला रंग नाही, गंधही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट जोडला जातो. त्यामुळे होणारी डोकेदुखी उंचीमुळे किंवा थंडीमुळे आहे, असा समज सहज होतो. रात्री झडप लावून निखारे धुमसत ठेवणे सर्वाधिक घातक. तेव्हा धुराडेही थंडावत असते.

खिडकी उघडी ठेवल्यास ऊब जाते. त्यापेक्षा भिंतीतून सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचा नळ बुखारीच्या हवाद्वारापाशी आणणे श्रेयस्कर. त्याचे बाहेरील तोंड बर्फाच्या थरापेक्षा उंच असावे. तोंडाला जाळी हवीच; पण अतिबारीक जाळी धुळीने बुजते. उन्हाळ्यात जाळीविना राहिलेला नळ कुंभारीण माशीला घरट्यासाठी आयताच सापडतो, म्हणून पहिली बुखारी पेटण्यापूर्वी तो तपासावा. स्वयंपाकघरातील धूर बाहेर टाकणारा पंखाही बुखारीच्या वाट्याची हवा ओढतो. दोन्ही एकाच वेळी चालवू नयेत.

महाराष्ट्रात रेशीम अळ्यांच्या संगोपनगृहात किंवा कोंबडीच्या पिलांच्या शेडमध्ये लावल्या जाणाऱ्या कोळशाच्या शेगडीला हा उपाय पुरत नाही. तिला धुराडेच नसते. तेथे हवा आत येण्यासाठी खाली आणि वायू बाहेर जाण्यासाठी वर, अशी दोन्ही झरोकी उघडी ठेवावी लागतात आणि तेथे माणसाने झोपणे कटाक्षाने टाळावे लागते.