आपल्या कढईतील तेल आणि जीएम अन्नाचा वाद

धर्मग्रामाच्या सणाच्या जेवणाची तयारी चालू असताना एका माउलीने आम्हांस विचारले, ‘‘फादर, ती बीटी वांगी बाजारात आली का हो? हल्ली वांगी घ्यायचीच भीती वाटते.’’ तिच्या शेजारी पंधरा किलोचा तेलाचा डबा उघडून ठेवलेला होता. त्यावर ‘रिफाइंड सरकी तेल’ असे छापलेले होते. जनुकीय फेरबदल केलेल्या, म्हणजे ज्यांना आपण जीएम म्हणतो, अशा पिकांविषयी आपल्या समाजात केवढा गैरसमज आहे, हे त्या क्षणी आमच्या ध्यानात आले. ज्या वांग्याची त्या भगिनीला धास्ती होती, त्याच्या लागवडीस भारतात परवानगीच नाही. आणि ज्या तेलाकडे तिचे लक्षही नव्हते, ते बहुधा जीएम पिकापासूनच निघालेले होते. म्हणून हा विषय वाचकांसमोर थोडा विस्ताराने मांडावा असे आम्हांस वाटले.

जीएम म्हणजे काय?

दोन जातींचा संकर करून नवे वाण तयार करणे ही शेतकऱ्यांची जुनी विद्या आहे. जीएम तंत्रात मात्र एका सजीवातील विशिष्ट जनुक प्रयोगशाळेत दुसऱ्या सजीवात घातले जाते. मातीत ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ नावाचा जिवाणू आढळतो. त्याच्या नावाची आद्याक्षरे म्हणजेच ‘बीटी’. या जिवाणूतील एक प्रथिन बोंडअळीसारख्या अळ्यांच्या अल्कधर्मी आतड्यात विषारी ठरते. ते तयार करणारे जनुक कपाशीत घातले की झाडच स्वतःचे रक्षण करू लागते. मानवाचे जठर आम्लधर्मी असून त्या प्रथिनाला लागणारे ग्राहकही आपल्या आतड्यात नसतात. त्यामुळे अळीवर होतो तो परिणाम माणसावर होत नाही, असे शास्त्रज्ञ सांगतात.

वांगे थांबले, सरकी आली

भारतात बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. आज देशातील कपाशीच्या ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटी वाणच आहे. कपाशी हे आपण वस्त्राचे पीक मानतो. परंतु वेचलेल्या कापसाच्या वजनात सुमारे एक तृतीयांश रुई आणि उरलेली बहुतांश सरकी असते. या सरकीपासून आपल्या देशात दरवर्षी दहा लाख टनांहून अधिक खाद्यतेल निघते. ते फरसाणाच्या कढईत जाते, आणि मागे राहणारी पेंड दुभत्या जनावरांच्या गव्हाणीत.

वांग्याची कथा निराळी आहे. शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीला तोंड देणारे बीटी वांगे जालन्याच्या महिको कंपनीने तयार केले. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीने त्यास संमती दिली. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी लागवडीस स्थगिती दिली. बांगलादेशाने मात्र २०१३ मध्ये त्याच वांग्याला मान्यता दिली.

याशिवाय आपण निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. अर्जेंटिना व ब्राझील येथून येणारे सोयाबीन तेल बहुतांशी जीएम सोयाबीनचेच असते. तात्पर्य, जीएम अन्न आपल्या उंबरठ्याशी येऊन थांबलेले नाही. ते केव्हाच स्वयंपाकघरात पोहोचले आहे.

आरोग्याचा प्रश्न

मग हे तेल अपायकारक आहे काय? येथे सत्याशी प्रामाणिक राहिले पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विस्तृत अहवालात, बाजारात असलेल्या जीएम पिकांचे अन्न पारंपरिक अन्नापेक्षा अधिक धोकादायक असल्याचा ठोस पुरावा आढळला नाही, असे म्हटले आहे. तेलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. शुद्धीकरणानंतर त्यात जनुके किंवा प्रथिने जवळजवळ शिल्लकच राहत नाहीत. तेव्हा भय पसरवणारे संदेश पुढे पाठवण्याआधी आपण थांबावे. भीती हा विवेकाचा पर्याय नव्हे.

परंतु आरोग्याचे उत्तर मिळाले म्हणजे सर्वच प्रश्न मिटले असे नाही.

बियाण्याचा व्यापार

बीटी कपाशी आपल्याकडे मुख्यतः संकरित वाणांच्या रूपाने विकली गेली. संकरित बियाणे घरी राखून पुढल्या वर्षी पेरले तर पीक एकसारखे येत नाही. त्यामुळे दर हंगामात दुकानाची पायरी चढणे शेतकऱ्यास भाग पडते. प्रारंभी ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत १,६०० रुपयांच्या घरात होती, आणि तिचा मोठा भाग तंत्रज्ञानाच्या शुल्कापोटी जात असे. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने हस्तक्षेप करून ती ७५० रुपयांवर आणली. महाराष्ट्रानेही २००९ मध्ये कापूस बियाण्यांच्या किंमतींवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला.

पहिल्या काही वर्षांत फवारणी घटली व उत्पादन वाढले, हे नाकारता येणार नाही. पण निसर्ग स्वस्थ बसत नाही. गुलाबी बोंडअळीने हळूहळू बीटी पचवले, आणि २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात तिने बोंडेच्या बोंडे पोखरली. बियाण्याचे दाम मोजूनही शेतकऱ्याला पुन्हा कीटकनाशकांचा फवारा हाती घ्यावा लागला. दुसऱ्या बाजूस, तणनाशक सहन करणारे जीएम कापूस बियाणे मिळावे म्हणून जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी कायदा मोडून जाहीर पेरणी केली, हेही विसरू नये. शेतकऱ्यांतही एकमत नाही. निंदणीच्या मजुरीने कंबर मोडलेल्या माणसाला आपण शहरात बसून उपदेश करणे उचित नव्हे.

ग्राहकाला निवड आहे का?

पाकिटबंद वस्तूंच्या नियमांनुसार १ जानेवारी २०१३ पासून जीएम अन्न असलेल्या पाकिटावर ‘जीएम’ ही अक्षरे छापणे आवश्यक ठरले. वाचकांनी आपल्या घरातील तेलाची पिशवी उलटसुलट करून पाहावी. आमच्या डब्यावर तरी ती अक्षरे नव्हती. जुलै २०२४ मध्ये जीएम मोहरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. परंतु जीएम पिकांविषयी राष्ट्रीय धोरण असावे आणि आयात होणाऱ्या जीएम खाद्यतेलाबाबत लेबलाचे नियम पाळले जावेत, यावर दोघांचेही एकमत होते.

‘ग्राहक राजा आहे’ असे आपण ऐकतो. पण ज्या राजाला ताटात काय वाढले आहे हेच सांगितले जात नाही, तो कसला राजा? शिवाय निवडीला पैसाही लागतो. भारतात शेंगदाणा, तीळ व करडई यांच्या जीएम वाणांची व्यापारी लागवड होत नाही. मात्र घाण्याचे शेंगदाणा तेल प्रत्येक घराला परवडत नाही. जे कुटुंब स्वस्त तेल घेते त्यास दोष देऊ नये. माहितीचा हक्क तर त्यालाच सर्वांत अधिक आहे.

ख्रिस्तसभेची भूमिका

ख्रिस्तसभेने जीएम तंत्राचा सरसकट धिक्कार केलेला नाही वा त्याला डोळे झाकून आशीर्वादही दिलेला नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात याविषयी सरसकट निर्णय देणे कठीण असल्याचे नमूद केले. अशा धान्यांमुळे माणसाला अपाय होतो असा निर्णायक पुरावा नाही हे मान्य करतानाच, जमीन व बियाणे मूठभरांच्या हाती एकवटण्याच्या धोक्याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्याआधी २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी खरेदी ही केवळ आर्थिक नव्हे तर नैतिक कृतीही असते, याची आठवण करून दिली होती.

तेव्हा, वाचक बंधुभगिनींनो, काय करावे? लेबल वाचावे. दुकानदाराला, आपल्या ग्राहक भांडाराला ‘हे तेल कशाचे?’ असे नम्रपणे विचारावे. जवळच्या शेतकऱ्याचे गावठी बी टिकवण्यास हातभार लावावा. स्वतःचे बियाणे राखण्याचा व देवाणघेवाण करण्याचा हक्क त्याला २००१ च्या कायद्याने दिला आहे.

त्या माउलीला आम्ही सांगितले, ‘‘बाई, वांगी निर्धास्त घ्या, पण डब्यावर काय लिहिले आहे ते तेवढे वाचत चला.’’ पुढल्या सणाला डबा विकत घेताना तो प्रश्न आम्हीही विचारणार आहोत.