कोणतं रजिस्टर बंद होणार?

सकाळी ६

घर जागं व्हायच्या आधी वाचनाचा एक तास मिळतो. वसई पश्चिमेच्या आमच्या वाडीत या वेळी विहिरीवरच्या पंपाचा तेवढा आवाज असतो. टेबलावर तीन गठ्ठे आहेत. एक, जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१२ साली मिळून काढलेली मार्गदर्शिका. एखाद्या देशाने डिजिटल आरोग्याचं धोरण कसं आखावं, हे तिच्यात पायरीपायरीने सांगितलं आहे. दुसरा, २०१७ चं आपलं राष्ट्रीय आरोग्य धोरण. तिसरा, २०१९ चा राष्ट्रीय डिजिटल आरोग्य आराखडा. नेतृत्व, पैसा, सेवा, पायाभूत सोयी, मानकं, कायदे, मनुष्यबळ अशी सात अंगं मार्गदर्शिकेत आहेत. देशातल्या डिजिटल आरोग्याच्या पुढच्या टप्प्याविषयीचं जे टिपण आमच्या छोट्या गटाला लिहायचं आहे, ते मनुष्यबळावर आहे.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन याच कागदांतून उभं राहिलं. १५ ऑगस्ट २०२० ला त्याची घोषणा झाली आणि सहा केंद्रशासित प्रदेशांत ते आधी करून पाहिलं गेलं. २७ सप्टेंबर २०२१ ला ते देशभर सुरू झालं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी १,६०० कोटी रुपये मंजूर केले. या मिशनमधला आरोग्य खात्याचा चौदा आकडी आभा क्रमांक सगळ्यांना माहीत झाला आहे, पण मला त्यामागची रचना जास्त मोलाची वाटते. रुग्णाची नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते, दिल्लीत एका कोठारात जमा होत नाही. दुसऱ्या डॉक्टरला ती हवी असेल तर रुग्णाची संमती लागते. एवढ्या मोठ्या देशासाठी ही मांडणी योग्य आहे, असं माझं ठाम मत आहे. आज दिवसभर जे पाहायचं आहे ते या मांडणीच्या बाजूने उभं राहून पाहायचं आहे.

सकाळी ८

वसई रोडवरून नालासोपारा एकच स्टेशन. मी विरारच्या दिशेने जाते, त्यामुळे उभं राहायला जागा मिळते. समोरच्या चर्चगेटकडच्या गाडीत दारात पाय ठेवायला जागा नाही.

त्या गाडीकडे पाहिलं की ही योजना आपल्याच शहराला सर्वांत जास्त हवी आहे, हे कळतं. २००९ साली वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि भोवतालची गावं एकत्र करून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर होती. पालघर जिल्हा त्यानंतर, १ ऑगस्ट २०१४ ला झाला. इथला माणूस राहतो नालासोपाऱ्यात, कामाला अंधेरी-गोरेगावला, आणि गाव कोकणात नाहीतर जौनपूर-आझमगडकडे. ताप आला तर चाळीखालचा दवाखाना, हात मोडला तर कामाच्या ठिकाणाजवळचं रुग्णालय, बाळंतपण गावी. तीन ठिकाणी तीन केसपेपर, आणि तिन्ही डॉक्टरांना एकमेकांचं लिहिलेलं दिसत नाही.

सकाळी ९ ते ११:३०

पूर्वेच्या एका नागरी आरोग्य केंद्रात सिस्टरच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसले. त्यांची परवानगी आहे, अट एकच: मध्ये बोलायचं नाही.

केसपेपरच्या खिडकीपाशी रांग आहे. आत सिस्टरसमोर गरोदर मातांचं रजिस्टर, लसीकरणाचं रजिस्टर, रोजच्या ओपीडीचं, औषधसाठ्याचं आणि पुढे पाठवलेल्या रुग्णांचं. बाजूला टॅब. टॅबमध्ये माता-बालकांचं आरसीएच पोर्टल, लसीकरणाचं यू-विन, रक्तदाब-मधुमेहाचं वेगळं, शिवाय आभा काढायचं काम. महिनाअखेरीस एचएमआयएस या आरोग्य-माहिती पोर्टलचा अहवाल असतो, तो याच रजिस्टरांतून बेरजा करून भरायचा.

सहावा महिना लागलेली एक बाई आली. पहिलटकरीण. पुढच्या महिन्यात कोकणात खारेपाटणजवळ माहेरी जाणार आहे. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन झालं. सिस्टरनी ते आधी तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलं, मग रजिस्टरमध्ये, मग टॅबवर. टॅबवरचं पान फिरत राहिलं, म्हणून हातावर पेनाने आकडे लिहून ठेवले आणि पुढची बाई बोलावली. रेंज आली की भरणार.

“ताई, माझं सगळं नीट लिहून द्या हां, तिकडे विचारतात,” बाई म्हणाली.

तिचा रक्तगट ओ निगेटिव्ह आहे. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला, तर पुढच्या गरोदरपणात बाळाला धोका होऊ शकतो. तो टाळायला अँटी-डीचं इंजेक्शन वेळेत द्यावं लागतं. शिवाय प्रसूतीत रक्त लागलं तर या गटाचं रक्त शोधायला वेळ जातो. खारेपाटणच्या सिस्टरला ही एक ओळ आधी कळली तर पुढचं सगळं सोपं. बाईला आरसीएचचा बारा आकडी क्रमांक मिळालेला आहे, तिची माहिती देशाच्या पोर्टलवर आहे. तरी सिस्टरनी कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलं आणि रक्तगटावर लाल पेनाने दोन गोल काढले. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्यावर प्रसूतिकक्षात कुणी पोर्टल उघडत बसणार नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत आहे.

तिथे बसून माझ्या टिपणाचं पहिलं वाक्य ठरलं. जी व्यक्ती नोंद करते, तिला त्या नोंदीचा पहिला उपयोग झाला पाहिजे. आज सिस्टर एकच आकडा तीनदा लिहितात. तो वर जातो, तालुक्याचा, जिल्ह्याचा, राज्याचा तक्ता होतो. त्यांच्या टेबलावर परत काय येतं? “अमुक नोंद अपूर्ण” असा निरोप. तिथेच जर सकाळी त्यांना दिसलं, की या आठवड्यात ज्यांचं हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलंय त्या या चार बायका आणि यातली एक तपासणीला आलेली नाही, तर त्या टॅब स्वतःहून उघडतील. प्रशिक्षणाचे तास वाढवून हे होणार नाही.

सकाळी ११:४५

आभा काढण्यासाठी आलेली दुसरी एक बाई. आधार क्रमांक दिला, ओटीपी गेला. तो गेला नवऱ्याच्या फोनवर. नवरा मालाडला, कामावर फोन जवळ ठेवू देत नाहीत. दोनदा ओटीपी पाठवला, दोनदा वेळ संपली. तिला परत बोलावलं.

खोळंबा तर झालाच, पण मला दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते. तिचा क्रमांक नवऱ्याच्या मोबाईलला जोडला गेला की तिच्या आरोग्याच्या खात्याची किल्ली त्याच्या हातात जाते. १९७१ च्या गर्भपात कायद्यात सज्ञान स्त्रीला नवऱ्याची परवानगी लागत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीने तिचं नाव गुप्त ठेवण्याचं बंधन स्वतंत्र कलमाने घातलं. एचआयव्हीबद्दल तसंच संरक्षण २०१७ च्या कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही झाला. इतक्या कष्टाने मिळवलेली ही गुप्तता घरात फोन एकच आहे म्हणून हातची जाता कामा नये. आभा ऐच्छिक आहे, हे रांगेतल्या बाईला मराठीत, हिंदीत, तिला समजेल अशा शब्दांत सांगायला दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांची तरतूद आराखड्यात मनुष्यबळ म्हणून धरलेली असायला हवी. संमतीचा प्रश्न स्क्रीनवर आला आणि सिस्टरनी घाईत बोट लावलं, याला मी संमती म्हणणार नाही.

दुपारी १:३०

डबा. दोन आशाताई सोबत होत्या. फोन आणि डेटा पॅक यांबद्दल बोलणं झालं. घरभेटीला गेलं की फोटो, ठिकाण, अर्ज. चाळीच्या आतल्या खोलीत रेंज नाही म्हणून भरायचं काम रात्री घरी, मुलांच्या अभ्यासाच्या वेळेत. मोबदल्याचा काही भाग कामागणिक मिळतो. भरण्याच्या वेळेचा हिशेब त्यात बसत नाही.

दुपारी २:३०

दिवसातली सर्वांत समाधानाची गोष्ट क्षयरोगाच्या टेबलावर पाहिली. वालीवच्या एका कारखान्यात काम करणारा तरुण, उपचाराचा तिसरा महिना, घरी लग्न म्हणून उत्तर प्रदेशात चालला आहे. निक्षय ही नोंदपद्धत २०१२ पासून आहे. त्याच वर्षी खासगी डॉक्टरांनाही क्षयरुग्ण कळवणं बंधनकारक झालं. पर्यवेक्षकाने त्याचा क्रमांक काढला, गावाजवळचं केंद्र निवडलं, रुग्ण तिकडे वर्ग केला, आणि तिथल्या माणसाला फोनही केला. पोषण आहाराचे पैसे २०१८ पासून थेट बँक खात्यात येतात, आधी महिना पाचशे, नोव्हेंबर २०२४ पासून हजार.

हे का चालतं? नोंद केल्यामुळे रुग्णाला पैसे मिळतात आणि कर्मचाऱ्याला आपला रुग्ण हरवला नाही हे दिसतं. आणि फोन करणारा माणूस अजून जागेवर आहे. निक्षयमध्ये उणिवा आहेत, पण राष्ट्रीय आराखड्याला शिकायचं असेल तर परदेशाआधी या टेबलापाशी यावं.

संध्याकाळी ५

आचोळे रोडला एका दवाखान्यात. एक खोली, एक डॉक्टर, एक कंपाउंडर. या शहरातली बहुतेक ओपीडी अशाच खोल्यांत होते. त्यांना वगळलं तर आराखडा अर्ध्या शहराचाही होणार नाही. डॉक्टरसाहेबांना संगणकाचं वावडं नाही. त्यांना एकच हवं आहे: समोर बसलेल्या मधुमेही माणसाची गेल्या सहा महिन्यांची साखर, कोणत्याही लॅबमधली, एका नजरेत. “तेवढं द्या, बाकीचं मी भरतो,” म्हणाले.

संध्याकाळी ७

लिहायला बसले. इंग्लंडचं उदाहरण घेतलं. तिथे २००२ साली सगळ्या रुग्णालयांसाठी एकच मोठी संगणकीय योजना सुरू केली; अब्जावधी पौंड खर्चून २०११ मध्ये ती मोडीत काढली. वापरणाऱ्या डॉक्टर-नर्सना उशिरा विचारलं, हे तिच्या अपयशाचं एक मोठं कारण होतं. आपल्याला तो खर्च परवडणारा नाही, आणि सिस्टरांचे हरवलेले तास तर कोणत्याच खात्यात दिसत नाहीत.

टिपणात तीन सूचना लिहिल्या. प्रत्येक नव्या पोर्टलसोबत बंद होणाऱ्या रजिस्टरचं नाव जाहीर करावं; नाव सांगता येत नसेल तर पोर्टल थांबवावं. स्त्रीला स्वतःचा फोन नसेल तर केंद्रातच, ओटीपीविना, तिची ओळख पटवून तिला खातं उघडता आणि बंद करता यावं. आणि यशाचं मोजमाप किती आभा निघाल्या यावर न ठेवता, किती रुग्णांची जुनी नोंद दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरने प्रत्यक्ष उघडून वापरली यावर ठेवावं.

रात्री ९:३०

गटातल्या सहकाऱ्याचा पुण्याहून फोन. पहिली सूचना टिकणार नाही, असं त्यांचं म्हणणं. लेखापरीक्षणाला सहीचं रजिस्टर लागतं. कुणी अधिकारी ते बंद करायचा धोका घेणार नाही. मुद्दा बरोबर आहे. मग टॅबवरची नोंद छापून तिच्यावर सही चालेल का, यासाठी कोणता शासन निर्णय बदलावा लागेल, यावर अर्धा तास बोललो. सोमवारी लेखा विभागातल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांना भेटायचं ठरलं. गरोदर मातांच्या रजिस्टरपासून सुरुवात करू, असं मी सुचवलं, आणि सिस्टरना त्या भेटीला सोबत न्यायचं. त्यांना सुट्टी मिळते का, ते उद्या सकाळी विचारायचं आहे.