पिकअपचा अल्टरनेटर: बदलण्याआधी काय तपासाल, बदलताना काय सांभाळाल?

संध्याकाळी कोबी, टोमॅटो किंवा ढोबळी मिरची भरून कोल्हापुरातून निघालेला पिकअप पहाटे वाशीच्या बाजारात पोहोचावा लागतो. सुमारे पावणेचारशे किलोमीटरच्या या रात्रीच्या प्रवासात हेडलाइट व वायपर चालवून शिवाय बॅटरी चार्ज ठेवण्याचे काम अल्टरनेटर करतो. गावाकडे त्याला अजूनही डायनामो म्हणतात. तो बंद पडला की गाडी केवळ बॅटरीवर चालते. हेडलाइट, टेललाइट, वायपर मिळून 15 अँपिअर वीज लागत असेल, तर 75 अँपिअर-तासांची बॅटरी हिशेबाने पाच तास पुरते. जुन्या बॅटरीवर मात्र निम्म्या वेळाचाही भरवसा धरू नये.

ब्रेकशीही संबंध

अनेक डिझेल पिकअपमध्ये अल्टरनेटरच्या मागेच व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो. ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम हाच पंप तयार करतो. अशा गाडीचा बेल्ट तुटला, तर चार्जिंग थांबतेच, शिवाय काही वेळा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखे कडक होते. भरलेली गाडी घाटात असताना हे धोक्याचे आहे. आपल्या गाडीला असा पंप आहे का, हे आजच बघून ठेवा. अल्टरनेटरच्या मागे ऑइलचे पाइप आणि जाड व्हॅक्यूम होज दिसल्यास पंप आहे असे समजावे.

बिघाडाची लक्षणे

- इंजिन सुरू असताना बॅटरीचा लाल दिवा पेटलेला राहणे
- रेस वाढवल्यावर हेडलाइट प्रखर आणि कमी केल्यावर मंद होणे
- सकाळी सेल्फ न उचलणे
- बेल्ट किंचाळणे अथवा बेअरिंगचा घरघर आवाज येणे
- अल्टरनेटरच्या मागे ऑइल गळणे. पंपाचे सील गेल्यास ऑइल आत शिरून कार्बन ब्रश खराब होतात

चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्यापूर्वी लाल दिवा पेटायलाच हवा. तो पेटत नसेल, तर बल्ब किंवा वायर तपासून घ्यावी.

बदलण्याआधी चार तपासण्या

अनेकदा दोष दुसरीकडे असतो आणि खर्च अल्टरनेटरवर होतो. म्हणून पुढील क्रमाने तपासा.

1. बेल्ट : इंजिन बंद करून दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबा. साध्या व्ही-बेल्टमध्ये साधारण 10 मि.मी. दाब बसावा. बेल्टला चिरा असतील किंवा तो चकाकत असेल, तर बदलावा. गरजेपेक्षा जास्त ताणल्यास बेअरिंग लवकर जाते.
2. टर्मिनल व अर्थिंग : बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी साफ करा. इंजिन व चासीची अर्थिंग पट्टी घट्ट आहे का पाहा.
3. बॅटरी : गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटरवर साधारण 12.4 ते 12.7 व्होल्ट दिसावेत.
4. चार्जिंग : इंजिन सुरू करून थोडी रेस द्या. 13.8 ते 14.5 व्होल्ट असल्यास चार्जिंग ठीक आहे. हेडलाइट व पंखा लावल्यावर आकडा 13 च्या खाली गेला, तर चार्जिंग कमी पडते. 15 च्या वर गेल्यास रेग्युलेटर खराब आहे. अशाने बॅटरीचे पाणी उकळते.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून चार्जिंग 'बघण्याची' जुनी पद्धत कोणालाही करू देऊ नका. त्यात डायोड आणि रेग्युलेटर जळतात.

दुरुस्ती की नवा?

कार्बन ब्रश, बेअरिंग, रेग्युलेटर आणि डायोड प्लेट हे भाग बदलता येतात. रोटर किंवा स्टेटरची वाइंडिंग जळली असेल अथवा बॉडीला तडा गेला असेल, तर नवा घेणे परवडते. शिवाजी उद्यमनगरात किंवा आपल्या तालुक्याच्या ठिकाणी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बेंचवर तपासून मगच निर्णय घ्या. नवा घेताना अँपिअर, पुलीचा आकार आणि खाचा, बसवण्याचे कान व पंपाची जोडणी जुन्याशी तंतोतंत जुळवून पाहा.

बदलताना

- आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. जोडताना ती सर्वांत शेवटी जोडा.
- वायर काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या.
- ऑइल पाइपचे वॉशर नवे वापरा. पंपात थोडे इंजिन ऑइल सोडून मगच बसवा.
- बॅटरी पूर्ण उतरलेली असल्यास बाहेरून चार्ज करून घ्या. नव्या अल्टरनेटरवर तो भार टाकू नका.
- शेवटी ब्रेकची चाचणी करा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले, तर व्हॅक्यूम तयार होत आहे. ही चाचणी झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

पावसाळ्यात व हंगामात

राधानगरी, गगनबावडा भागातला पाऊस आणि शेतातला चिखल अल्टरनेटरला मारक ठरतो. वाढे किंवा वैरण वाहिल्यावर पुलीजवळ अडकलेले पाचट काढा. धुताना पाण्याचा जोराचा फवारा थेट अल्टरनेटरवर मारू नका. 2019 आणि 2021 सारख्या पुरात गाडी बुडाली असेल, तर सेल्फ मारून पाहू नका. बॅटरी सोडवून गाडी गॅरेजला ओढून न्या. बॉडीला वेल्डिंग करण्यापूर्वीही बॅटरी सोडवावी.

वाटेत लाल दिवा पेटल्यास

गाडी सुरक्षित बाजूला घेऊन इंजिन चालू असतानाच, हात लांब ठेवून बेल्ट पाहा. तो तुटला असल्यास इंजिन लगेच बंद करा. बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर चालतो, त्यामुळे इंजिन तापते. बेल्ट शाबूत असेल आणि दिवस असेल, तर पंखा, टेप बंद करून, इंजिन बंद न करता जवळचे गॅरेज गाठा. रात्री मात्र पुढे जाण्याचा धोका पत्करू नका. गाडीत एक जादा बेल्ट व तो बसवण्याचे पाने कायम ठेवा. भरलेला माल आणि गाडीतली माणसे यांच्यापुढे हा खर्च किरकोळ आहे.