अंगठ्याच्या बुडाचा सांधेवात : ऑपरेशन कधी करायचं आणि कोणतं?

कणीक मळताना, कपडे पिळताना, कुलपात किल्ली फिरवताना अंगठ्याच्या बुडाशी कळ येते. सजद्यात हात टेकला तरी दुखतं. पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या अम्मी-खालांची ही तक्रार 'वात आहे, तेल चोळा' म्हणून वर्षानुवर्षं मागे पडते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत तर रोवणी, तेंदूपत्ता, शिवणकाम, सगळंच अंगठ्यावर चालतं. चिमटीत एक किलो जोर लावला, तर बुडाच्या सांध्यावर बारा किलोपर्यंत दाब येतो. तिथली कुर्चा झिजली की हाडावर हाड घासतं.

लगेच ऑपरेशन करत नाहीत. आधी अंगठ्याचा पट्टा, व्यायाम, मलम, गरज पडली तर सांध्यात इंजेक्शन. काही महिने हे करूनही रात्रीची झोप उडत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांशी ऑपरेशनचं बोलावं.

ऑपरेशनमध्ये अंगठ्याच्या बुडाचं ट्रॅपिझियम नावाचं छोटं हाड काढून टाकतात. ऐकून धास्ती वाटते, पण ही पद्धत 1949 पासून माहीत आहे. बहुधा फक्त हातच बधिर करतात. काही सर्जन रिकाम्या जागेत रुग्णाचीच स्नायूची दोरी बसवतात. इंग्लंडमध्ये दोन्ही पद्धतींची तुलना झाली, तेव्हा वर्षभरानंतर फरक दिसला नाही. म्हणून महागडं ते चांगलं, असं धरून चालू नका. कृत्रिम सांधाही मिळतो, पण तो पुढे सैल होऊ शकतो. जड काम करणाऱ्या तरुणाला कधी सांधा जोडून टाकण्याचा सल्ला देतात.

दुखणं बहुतेकांचं कमी होतं. अंगठा किंचित आखूड होतो, काहींना त्वचेवर बधिरपणा राहतो.

खरी अडचण नंतरची. चार ते सहा आठवडे प्लास्टर किंवा पट्टा, घरकामाला साधारण तीन महिने, पुरती ताकद यायला त्याहून जास्त. तेवढे दिवस चूल कोण सांभाळणार, हे घरातल्या पुरुषांनी आधीच ठरवावं! धानकापणी झाल्यावर, तेंदूच्या हंगामाआधी तारीख घेतली तर बरं. सिरोंच्याकडच्यांनी तपासणीच्या फेऱ्यांचा खर्चही धरावा.

वजू करताना प्लास्टरवर ओला हात फिरवून मसह करता येतो. शंका असल्यास आपल्या मौलानांना विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा, हे ऑपरेशन योजनेत बसतं का ते भरती होण्याआधीच विचारून घ्या.