पायाने वेग, हात मोकळे


शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील कारागीर बांबूवर नक्षी कोरतो, तेव्हा एका हातात बांबू असतो, दुसऱ्यात मिनी ग्राइंडर. वेग कमी करायला तिसरा हात नसतो. टोक घसरले तर बोटावर येते. अशा वेळी शिलाई मशीनच्या मोटरचे पेडल उपयोगी पडते. दाबाल तसा वेग वाढतो. पाय उचलताच वीज बंद होते. मात्र ग्राइंडर 230 व्होल्टवर चालणारा, कार्बन ब्रशचा व स्वतःचे इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रण नसलेला हवा. पेडलची क्षमता ग्राइंडरच्या वॅटपेक्षा जास्त हवी, नाहीतर ते तापून जळते. जोडणी वायरमननेच करावी. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील आपल्या घरी असे चालू पेडल पडून असल्यास जरूर द्या. त्या हातांवरच घराची भाकरी आहे; त्यांच्यासाठी प्रार्थनाही करा.