मुंबई विद्यापीठ : परीक्षेपासून संशोधनापर्यंत

नालासोपारा पश्चिमेला बुरूड राजाचा कोट या नावाने ओळखला जाणारा विटांचा स्तूप आहे. एप्रिल 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उघडला. गाभ्यातील दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे आणि मैत्रेयासह मानुषी बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती मिळाल्या. त्याच वर्षी सोपाऱ्यातच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा हाती आला. राजांच्या विहारयात्रा बंद करून आपण धम्मयात्रा सुरू केल्या, असे सांगणारा हा लेख आहे. या शोधांचा वृत्तांत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भगवानलालजी कोणत्याही विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या सहवासात त्यांनी लेखवाचनाचे काम केले. पुढे हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली.

त्या वेळी मुंबई विद्यापीठ पंचवीस वर्षांचे होते. सोपाऱ्याहून ते एका दिवसाच्या अंतरावर होते. पण या शोधकार्यात त्याचा हात नव्हता आणि असण्याचा संभवही नव्हता. याचे कारण विद्यापीठाच्या घडणीत सापडते.

18 जुलै 1857 रोजी स्थापन झालेले हे विद्यापीठ त्या काळच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेले होते. शिकवणे हे त्याचे कामच नव्हते. महाविद्यालयांनी शिकवावे, विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवावा, प्रश्नपत्रिका काढाव्यात, उत्तरपत्रिका तपासाव्यात आणि पदवी द्यावी, अशी ही संलग्नतेची व्यवस्था. 1862 साली न्या. महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे पहिल्या पदवीधरांत होते. 1878 मध्ये प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून राजाबाई मनोरा उभा राहिला. घड्याळ आले, ग्रंथालय आले; विद्यापीठाचा स्वतःचा असा एकही अध्यापन विभाग मात्र आला नाही.

अपवाद होते, आणि ते न सांगणे अन्यायाचे होईल. सोपाऱ्याच्या उत्खननाआधी पाच वर्षे, 1877 मध्ये, डॉ. भांडारकरांनी विल्सन व्याख्यानमालेत संस्कृत व तिच्यापासून निघालेल्या भाषांवर व्याख्याने दिली. त्यांत पालीचाही विचार होता. पुढे त्यांच्याच साहाय्याने पाली भाषा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आली आणि 1912 ते 1918 या काळात आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ती शिकवली. पुण्याचे महाविद्यालयही तेव्हा मुंबई विद्यापीठालाच संलग्न होते. एका मोठ्या माणसाने मनावर घेतले म्हणून पालीला दार उघडले. रचनेनेच उघडे ठेवलेले ते दार नव्हते, हा भेद आपण लक्षात ठेवला पाहिजे.

याच परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठातून बाबासाहेब एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे विद्यार्थी म्हणून 1912 च्या बी. ए. परीक्षेला बसले आणि पदवीधर झाले. संशोधक म्हणून त्यांची घडण मात्र न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात व नंतर लंडनमध्ये झाली. तेथे त्यांनी पाहिले की जो ग्रंथ लिहितो तोच वर्गात उभा राहतो आणि विद्यार्थी त्याच्या शोधाचा साक्षीदार असतो.

हा अनुभव गाठीशी असल्यामुळे 1924 साली मुंबई विद्यापीठ सुधारणा समितीच्या प्रश्नावलीला त्यांनी दिलेले लेखी उत्तर आजही वाचण्यासारखे आहे. सर चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील ही समिती. बाबासाहेबांचे म्हणणे असे, की केवळ परीक्षा घेणारी संस्था खऱ्या अर्थाने विद्यापीठ ठरत नाही. पदवीपूर्व शिक्षण महाविद्यालयांकडे आणि पदव्युत्तर शिक्षण विद्यापीठाकडे, अशी विभागणी त्यांनी नाकारली. तिच्यामुळे अध्यापन व संशोधन यांची फारकत होते आणि त्यात संशोधनाचेच नुकसान होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1927 साली मुंबई कायदेमंडळात विद्यापीठ सुधारणा विधेयकावर बोलताना त्यांनी दुसरी बाजू मांडली. बुद्धी आहे, पण पैसा नाही किंवा अन्य अडथळे आहेत, अशांपर्यंत उच्च शिक्षण पोहोचवणारी यंत्रणा म्हणजे विद्यापीठ, ही त्यांची व्याख्या. म्हणूनच मागासवर्गीयांना विद्यापीठाच्या कारभारात स्थान हवे, ही मागणी त्यांनी केली. त्यांच्या लेखी दर्जा आणि प्रवेश हे दोन परस्परविरोधी पक्ष नव्हते.

विद्यापीठ बदलले, पण हळूहळू. 1919 मध्ये अर्थशास्त्र व समाजशास्त्राचा विभाग निघाला. पॅट्रिक गेडिस हे समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक; त्यांच्यानंतर डॉ. गो. स. घुर्ये आले. 1928 च्या कायद्याने घटना बदलली आणि 1933 मध्ये रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. आपल्या दृष्टीने अधिक मोलाची घटना मात्र क्वचितच सांगितली जाते. विद्यापीठाने देवनागरी पाली ग्रंथमाला काढली. प्रा. ना. के. भागवत यांनी तीत दीघनिकायासारखे ग्रंथ संपादित केले, रा. द. वाडेकरांनी संपादित केलेला मिलिंदपञ्ह 1940 मध्ये निघाला. रोमन किंवा सिंहली लिपीशी झगडणाऱ्या मराठी वाचकाला बुद्धवचन त्याच्या परिचित अक्षरांत मिळाले. एखाद्या विद्यापीठाने केलेले हे खरे धम्मदान आहे, असे मी मानतो. मग त्यामागील हेतू निव्वळ विद्याविषयक का असेना.

1949 मध्ये पुणे विद्यापीठ वेगळे झाले आणि मुंबईचा व्याप घटला. पुढे सांताक्रूझजवळ कालिना येथे विद्यानगरीचा विस्तीर्ण परिसर उभा राहिला आणि पदव्युत्तर विभाग तेथे एकवटले. 1996 मध्ये नाव मुंबई विद्यापीठ झाले. आज तेथे पाली विभाग आहे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे 1946 मध्ये सुरू झालेले सिद्धार्थ महाविद्यालयही याच विद्यापीठाच्या छत्राखाली वाढले.

तथापि 1924 चा प्रश्न सुटलेला नाही. मुंबई शहर व उपनगरापासून सिंधुदुर्गापर्यंतची महाविद्यालये या विद्यापीठाला संलग्न आहेत. 2014 मध्ये ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा त्यातच येतो. वसई-विरारच्या विद्यार्थ्याच्या पदवीवर विद्यापीठाचे नाव असते. परंतु वसईत शिकताना त्याचा विद्यापीठाशी संबंध येतो तो प्रामुख्याने प्रश्नपत्रिकेपुरता. संशोधन कालिन्याला, अध्यापन वसईला: बाबासाहेबांनी नाकारलेली विभागणी ती हीच. विरार लोकलच्या गर्दीतून उतरून जो कालिन्याला पोहोचेल, त्यालाच संशोधक म्हणजे काय ते दिसणार. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चौथ्या वर्षी संशोधनासह पदवी ठेवली आहे. महाविद्यालयात ग्रंथ, मार्गदर्शक आणि संशोधनाला वेळ असलेले अध्यापक नसतील, तर ते वर्ष परीक्षेचे आणखी एक वर्ष होईल.

प्राचीन नालंदेचा दाखला येथे दिला जातो, तो केवळ अभिमानासाठी नको. इ-त्सिंगच्या वृत्तांतानुसार दोनशेहून अधिक गावांचे उत्पन्न नालंदेला लावून दिलेले होते. त्यामुळे आचार्य आणि विद्यार्थी एकाच आवारात राहून वाचीत, वाद करीत, लिहीत. अशा व्यवस्थेला पैसा लागतो आणि तो कोणीतरी ठरवून द्यावा लागतो.

विषय दूर शोधावे लागणार नाहीत. सोपाऱ्याजवळ भुईगाव येथे अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला तो 1956 मध्ये, बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी. तो ओळखणारे ना. अ. गोरे हे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल होते. स्तूप आणि भुईगाव यांच्या आसपास राहणारी कितीतरी मुले-मुली आज पदवीच्या वर्गात बसतात. त्यांच्यापैकी कोणाला ब्राह्मी अक्षरे वाचता यावीत, यासाठी त्यांच्याच महाविद्यालयात एक वर्ग चालवणे विद्यापीठाच्या अधिकारात आहे. तशी लेखी मागणी करणे आपल्या विहारांच्या अधिकारात आहे.